जुन्या घराला जोडून नव्या खोल्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वारसा म्हणून जपलेल्या छोट्या घरात वाढते कुटुंब कसे सामावून घ्यावे, या एकाच विषयावर या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून खाली देत आहे.

प्रश्न : आमचे घर शंभर वर्षांहून जुने असून वारसा यादीत आहे. जाड दगडी भिंती, चुन्यातले बांधकाम, लाकडी आढे आणि वासे, खाली दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि वर माळा एवढाच त्याचा पसारा आहे. आम्हाला दोन मुले आहेत, तिसरे येऊ घातले आहे आणि सासूबाईही आता कायमच्या राहायला येणार आहेत. छप्पर उचलून माळ्यावर दोन खोल्या काढाव्यात, असे एक ठेकेदार सुचवतात. दुसरे म्हणतात, मागे वाढवा. घराचे रूप न बिघडवता आणि निसर्गावर कमीत कमी भार टाकून आम्ही काय करावे?

मागे वाढवा, छप्पर उचलू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या जुन्या घराची ओळख त्याच्या छपराच्या उतारात आणि भिंतीच्या उंचीशी असलेल्या त्याच्या प्रमाणात असते. छप्पर उचलले की ही ओळख तर पुसली जातेच, शिवाय एका मजल्यासाठी बांधलेल्या भिंतींवर आणि पायावर नवे वजन येते, आणि शंभर वर्षे टिकलेले आढे, वासे व सुतारांनी हाताने बसवलेले सांधे एकदा उकलले की पुन्हा तसेच्या तसे बसत नाहीत. त्यातच वरच्या खोल्यांसाठी जिना लागतो आणि तो खालच्या दोन खोल्यांपैकी एकीचा मोठा भाग खाऊन टाकतो, हेही अनेकदा नकाशा हातात आल्यावरच लक्षात येते.

मात्र मागे किती वाढवायचे, हे ठरवण्याची घाई करू नका. बहुतेक कुटुंबे माणसे मोजतात आणि तेवढ्या खोल्या मागतात. त्याऐवजी दिवसभरात घरात काय काय चालते ते मोजावे, असा माझा आग्रह असतो. सकाळी अडचण नेमकी कुठे होते, अभ्यासाला शांत कोपरा कोणाला लागतो, वर्षभर न लागणाऱ्या वस्तूंनी किती जागा अडवली आहे, रात्री कोण कोणाला उठवते, याची टिपणे काही आठवडे ठेवली, तर आपल्याला हव्या असलेल्या चार खोल्यांपैकी खरी निकड एका स्नानगृहाची, एका मोठ्या कपाटाची आणि दार लावून बसता येईल अशा एका खोलीची आहे, असे पुष्कळदा दिसून येते. मुले वीस वर्षांनी त्याच घरात राहतील असे नाही. जितके बांधकाम टळेल तितके सामान, तितकी ऊर्जा आणि पुढची तितकी देखभाल वाचेल, म्हणून नव्या भागाचे क्षेत्रफळ ठरवणे हाच या साऱ्या कामातला पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत मोठा निर्णय आहे.

दुसरा विचार जागांच्या वाटणीचा. जुन्या घराला जे सोसत नाही ते सगळे नव्या भागात न्यावे, हे सूत्र मी प्रत्येक कामात पाळतो. पाणी, वाफ, नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, विजेचे जास्तीचे जाळे, जड साठवण हे सारे नव्या भागात जाऊ द्या, म्हणजे जुन्या खोल्या झोपण्याबसण्यासाठी, म्हणजे त्या ज्या कामासाठी बांधल्या गेल्या त्याच कामासाठी, जवळजवळ हात न लावता राहतील. तुमचे मागचे स्वयंपाकघर मूळ घराबरोबरचे आहे की नंतर जोडलेले, हे आधी तपासून घ्या. भिंतीची जाडी, दगडाची घडण आणि छपराचा सांधा पाहून जाणकाराला ते सांगता येते. ते नंतरचे आणि कमी महत्त्वाचे असेल, तर बदल करायला त्याहून योग्य जागा नाही.

सासूबाईंची खोली तळमजल्यावर नव्या भागातच असावी. तिथे उंबरा न ठेवता, सुमारे ९०० मिलिमीटर रुंदीचे दार आणि शेजारी स्नानगृह देणे सहज जमते. जुन्या दगडी भिंतीत तेवढ्या रुंदीचे नवे भगदाड पाडणे मात्र घराला महागात पडते. जुन्यातून नव्यात जाण्यासाठी मागच्या एखाद्या खिडकीचेच दार करा. वरची तुळई आणि रुंदी तशीच ठेवून फक्त खिडकीखालची भिंत काढली की भार वाहून नेण्याच्या मूळ रचनेला धक्का लागत नाही. निघालेल्या दगडांवर क्रमांक घालून ते जपून ठेवा. पुढच्या पिढीला ती खिडकी परत हवी असेल तर ती करता यावी.

नव्या भागाचे छप्पर जुन्या पागोळीच्या खाली राहील आणि समोरून पाहणाऱ्याला आधी जुने घरच दिसेल, एवढे पाहावे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात, वारसावास्तूच्या वाढीबद्दल हाच निकष आहे : जोडकामामुळे वास्तूचे महत्त्वाचे भाग, तिच्या रचनेतील तोल आणि तिचे परिसराशी असलेले नाते यांना उणेपण येता कामा नये. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये स्वीकारलेल्या बुरा सनदेने त्याला व्यवहाराची जोड दिली आणि आवश्यक तेवढा पण शक्य तितका कमी बदल करावा, असा सावध मार्ग सांगितला. तुमच्या भागातल्या वारसा समितीची नियमावली वेगळ्या शब्दांत असेल, पण बहुतेक ठिकाणी तिचा गाभा हाच असतो. नकाशे पक्के करण्यापूर्वीच, साध्या रेखाटनांसह समितीकडे जा. आधी पैसे खर्चून केलेले नकाशे बदलणे कोणालाच आवडत नाही, आणि मग चर्चेच्या जागी वाद सुरू होतो.

प्रश्न : नवा भाग हुबेहूब जुन्यासारखा बांधावा की वेगळा दिसू द्यावा? आमच्या घरात यावर दोन तट पडले आहेत.

नवा भाग नवा आहे हे जवळून पाहणाऱ्याला कळावे आणि दुरून तो जुन्या घराच्या सोबतीने उभा असलेला वाटावा, असे मला वाटते. हुबेहूब नक्कल केली की काही वर्षांनी खरे जुने काय आणि त्याची प्रतिकृती कोणती हे सांगणे कठीण होते, आणि घराचा इतिहास वाचू पाहणाऱ्याची फसगत होते. उलट, वेगळेपण सिद्ध करण्यासाठी काचेचा आणि लोखंडाचा झगमगीत ठोकळा शेजारी ठेवला तर जुने घर त्याच्यापुढे केविलवाणे दिसते. छपराचा उतार, खिडक्यांचे उभे प्रमाण, भिंतीचा साधेपणा आणि रंगाचा मंदपणा एवढे जुन्याकडून घ्यावे. कोरीव काम, कमानी, जुनाट दिसणारी बिजागरे यांची नक्कल करू नये. दोन्हींच्या मध्ये एक अरुंद, बुटका बोळ ठेवला तर जुन्या घराचा मागचा कोपरा उघडा राहतो आणि घरातला हा मतभेदही बराचसा मिटतो, कारण मग दोन्ही बाजूंना आपापल्या रूपात उभे राहता येते.

या बोळाचे छप्पर पूर्ण काचेचे करण्याचा मोह मात्र टाळा. उन्हाळ्यात तो तापतो, थंडीत गार पडतो, आणि मग दोन्ही ऋतूंत तो वापरण्याजोगा ठेवण्यासाठी यंत्रे चालवावी लागतात.

प्रश्न : जुन्या भिंतींना खाली ओल आहे. नवा भाग बांधताना गवंडी लागलेच आहेत, तर जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा, आतून प्लास्टिक रंग आणि जमिनीला काँक्रीट करून घ्या, म्हणजे घर एकदाचे कोरडे होईल, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

मानू नका. मला वाटते, जुन्या घरांचे जितके नुकसान हेळसांडीने झाले आहे तितकेच या सल्ल्याने झाले आहे, म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो.

जाड दगडी किंवा विटांची भिंत, चुन्याच्या दरजा (दगड-विटांमधल्या फटींत भरलेले सांधे) आणि चुन्याचा गिलावा ही रचना पाणी पूर्णपणे अडवत नाही. ती पावसाचे पाणी पृष्ठभागावर थोडे शोषून घेते आणि वारा सुटला, ऊन पडले की ते परत सोडून देते. या देवाणघेवाणीत चुन्याच्या दरजांचे काम फार मोलाचे असते. दरज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतली ओल तिच्यातून बाहेर पडते आणि ओलीबरोबर येणारे क्षारही तिच्यातच साठतात. काही दशकांनी दरजा झिजतात, त्या खरवडून पुन्हा भरता येतात आणि दगड शाबूत राहतो. दरजा सिमेंटने भरल्या की हा क्रम उलटतो. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि घट्ट असते, त्यामुळे ओल दगडातून वाट काढते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूपाने फुगतात आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. सिमेंटची दरज तशीच ठणठणीत आणि भोवतालचा दगड खोल गेलेला, असे दृश्य जुन्या वस्त्यांमध्ये जागोजागी दिसते. बाहेरच्या सिमेंट गिलाव्याला बारीक तडे जातातच. त्यांतून पाणी आत शिरते, पण गिलाव्यामागे अडकल्यामुळे बाहेर पडू शकत नाही. आतल्या प्लास्टिक रंगाने उरलेली वाटही बंद होते.

या सगळ्याआधी ओल येते कुठून, याचा शोध घ्या. माझ्या अनुभवात तिचे कारण बहुतेक वेळा साधे निघते : तुंबलेली पन्हळ, सरकलेले कौल, भिंतीला टेकून ठेवलेली माती, किंवा वर्षानुवर्षे भर पडून घराबाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेली असणे. बाहेरची माती आतल्या जमिनीच्या पातळीखाली सुमारे १५० मिलिमीटर नेणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे; मात्र पाया किती खोल आहे ते पाहिल्याशिवाय खणू नका. कारण दूर केल्यावर भिंत लगेच कोरडी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ४५० मिलिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष लागते. एवढा धीर नसल्यामुळेच लोक गिलाव्याकडे वळतात.

आणखी एक स्रोत आपण स्वतः असतो. चार माणसांचे कुटुंब श्वास, स्नान, स्वयंपाक आणि कपडे वाळवणे यांतून दिवसाला सुमारे दहा लिटर पाणी वाफेच्या रूपाने घरात सोडते. कुटुंब वाढले की हे प्रमाणही वाढते आणि ती वाफ थंड कोपऱ्यांत, कपाटांमागे आणि भिंतीत रुतलेल्या तुळयांच्या टोकांशी जाऊन बसते. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांवर गेले आणि तसेच राहिले की बुरशीला आमंत्रण मिळते. स्वयंपाकघर आणि स्नानगृह नव्या भागात न्यावे, असे मी पहिल्या उत्तरात म्हटले त्यामागे हेही कारण आहे. तिथे वाफ बाहेर फेकणारे पंखे भिंतीत पहिल्यापासून बसवता येतात.

जमिनीबद्दलही सावध राहा. खाली प्लास्टिकचा थर घालून काँक्रीट ओतले की जमिनीतून सर्वत्र थोडी थोडी निघून जाणारी ओल अडते आणि तिला भिंतीच्या कडेनेच वाट शोधावी लागण्याची शक्यता असते. जुनी फरशी चांगली असेल तर ती राहू द्या. बदलावीच लागली तर फरश्या क्रमवार काढून, खाली खडीचा आणि चुन्याचा थर देऊन, त्याच फरश्या पुन्हा बसवा.

चुन्याच्या कामाला वेळ आणि निगा लागते, हे मान्य करायला हवे. गिलावा पातळ थरांत द्यावा लागतो, कडक उन्हापासून आणि थंडीत गोठण्यापासून त्याला जपावे लागते, काही दिवस ओले गोणपाट लावून ठेवावे लागते आणि भिजवलेला चुना डोळ्यांत किंवा त्वचेवर गेला तर भाजते, म्हणून हातमोजे व चष्मा अनिवार्य असतो. ज्याने हे काम पूर्वी केले आहे असा गवंडी शोधा आणि त्याने काही वर्षांपूर्वी केलेली भिंत प्रत्यक्ष जाऊन पाहा.

प्रश्न : शेजारी पाया खणल्याने जुन्या भिंतींना तडे जातील अशी भीती वाटते. नवे आणि जुने एकमेकांना घट्ट बांधून टाकले तर धोका कमी होईल का?

भीती रास्त आहे, पण घट्ट बांधण्याने धोका वाढेल. जुने घर गेल्या शंभर वर्षांत जेवढे खचायचे तेवढे बहुधा खचून स्थिर झालेले असते. नवे बांधकाम पहिल्या काही वर्षांत थोडे खाली बसणारच. दोघांना सळ्यांनी जखडले की नवे बसताना जुन्याला ओढते आणि तडा जुन्या, अधिक नाजूक भिंतीत पडतो. दोन्हींमध्ये वीस-पंचवीस मिलिमीटरची फट ठेवून ती लवचीक पदार्थाने भरावी, वरून पत्र्याची पट्टी अशी बसवावी की दोन्ही बाजू स्वतंत्रपणे हलू शकतील, आणि नवे छप्पर जिथे जुन्या भिंतीला भिडते तिथे ती पट्टी भिंतीवर किमान १५० मिलिमीटर वर चढवावी. गळतीच्या तक्रारी सर्वाधिक याच सांध्यावर येतात.

खणण्यापूर्वी जुन्या भिंतीलगत एक-दोन छोटे चाचणी खड्डे घेऊन पाया किती खोल आणि कशावर उभा आहे ते पाहा. जुन्या छोट्या घरांचे पाये आश्चर्य वाटावे इतके उथळ असतात. त्यांच्या तळापेक्षा खोल लांबलचक चर शेजारीच खणला तर खालची माती बाजूला सरकते. खोल जावेच लागले तर सुमारे एक मीटर लांबीचे तुकडे, एकमेकांना लागून नसलेले, आळीपाळीने खणून भरावेत आणि हे काम अभियंत्याच्या देखरेखीशिवाय करू नये. चिकणमातीची जमीन असेल आणि जवळ मोठे झाड असेल, तर माती ऋतूनुसार आकसते आणि फुगते हेही हिशेबात धरा. झाड तोडून टाकणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण मुळांनी पाणी ओढणे थांबले की तीच माती फुगून पाया वर उचलू शकते.

छोट्या, हलक्या जोडकामासाठी जमिनीत फिरवून बसवायचे पोलादी स्क्रू खांब मला फार योग्य वाटतात. ही कल्पना नवी नाही. आयर्लंडमधील अंध अभियंता अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि पुढे वाळूच्या उथळ किनाऱ्यांवर दीपगृहे उभी करण्यासाठी ती वापरली गेली. या पद्धतीत फारसे खणावे लागत नाही, हादरे अत्यल्प बसतात, काँक्रीट जवळजवळ लागत नाही, आणि उद्या नवा भाग नको झाला तर खांब उलटे फिरवून काढता येतात. त्यावर लाकडी सांगाड्याची खोली उभी केली तर झाडांच्या मुळांनाही फारशी इजा होत नाही. जमीन खडकाळ असेल तर मात्र हे खांब फिरत नाहीत, म्हणून मातीची तपासणी आधी करावी.

प्रश्न : जुन्या लाकडी खिडक्यांतून वारा येतो. त्या काढून दुहेरी काचेच्या नव्या खिडक्या बसवाव्यात का?

जुन्या घरात नकोत, नव्या भागात अवश्य बसवा. जुन्या चौकटींचे लाकूड पुष्कळदा सावकाश वाढलेल्या, दाट कणाच्या झाडांचे असते; कुजलेले टोक कापून नवा तुकडा सांधला की त्या पुन्हा कित्येक दशके चालतात. फटींना वारारोधक पट्ट्या लावा आणि थंडी जास्त असेल तर आतल्या बाजूने काचेची दुसरी, काढघाल करता येणारी झडप बसवा. सीलबंद दुहेरी काचेचा सांधा काही दशकांत निकामी होऊन आत धुके धरते आणि तो दुरुस्त करता येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी जुन्या खिडकीची किंमत कळते.

प्रश्न : नव्या भागासाठी खऱ्या अर्थाने पर्यावरणपूरक साहित्य कोणते? प्रत्येक विक्रेता आपलेच साहित्य हिरवे असल्याचे सांगतो.

साहित्य तयार करताना किती ऊर्जा लागली, ते किती वर्षे टिकेल आणि मोडताना त्याचे पुढे काय होईल, असे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारा. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसते.

जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, त्याला दोनशे वर्षे झाली. आज जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात ते आठ टक्के वायू सिमेंट उद्योगातून येतो. सिमेंटचा क्लिंकर (ज्याची भुकटी करून सिमेंट बनते ते भाजलेले खडे) भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजावा लागतो, चुनखडी सुमारे ९०० अंशांना. दोन्हींत चुनखडीतला वायू सुटतो, पण साध्या चुन्याचा गिलावा सुकताना हवेतील कार्बन डायऑक्साइड परत शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि भाजताना दगडातून सुटलेल्या वायूचा मोठा भाग भरून निघतो. भट्टीच्या इंधनाचा धूर अर्थातच राहतो. म्हणून चुना निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, पण जिथे चालेल तिथे तो निवडावा. आणखी एक गोष्ट मला यापेक्षाही महत्त्वाची वाटते. चुन्यात रचलेल्या विटा हातोडीच्या हलक्या ठोक्याने सुट्या होतात आणि पुन्हा वापरता येतात, सिमेंटमध्ये रचलेल्या विटा बहुधा फुटूनच निघतात.

सांगाड्यासाठी नियोजनबद्ध लागवडीतून आलेले लाकूड उत्तम. लाकडाच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो आणि लाकूड घरात उभे असेपर्यंत तो तिथेच साठून राहतो. जुने लाकूड मिळाले तर आणखी चांगले. मात्र त्यात खिळे, वाळवी किंवा भुंगेरे नाहीत ना, हे पाहूनच ते आत आणा, नाहीतर जुन्या घरातल्या निरोगी तुळयांनाही लागण व्हायची. लाकूडधागा, कागदी लगदा किंवा लोकर यांचे उष्णतारोधक थर वाफेला वाट देतात, त्यामुळे ते जुन्या घराच्या स्वभावाशी जुळतात. जोडणी शक्य तिथे स्क्रूने करा, गोंदाने नको.

नव्या छपराकडे दोन जास्तीची कामे सोपवा. सौर पॅनेल तिथेच बसवले तर जुन्या कौलांना धक्का लागत नाही. पावसाचे पाणीही तिथूनच गोळा करावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, म्हणजे ३० चौरस मीटर छपरावर ४० मिलिमीटर पाऊस झाला तर १,२०० लिटर. एवढे पाणी टाकीत गेले नाही तर ते नव्या सांध्याशी आणि जुन्या पायाशी मुरणार, ही त्याची दुसरी बाजू आहे, त्यामुळे टाकीच्या भरून वाहणाऱ्या पाण्याची वाट घरापासून दूर न्या.

प्रश्न : काम चालू असताना आम्ही जुन्या भागातच राहणार आहोत. धाकटा मुलगा दोन वर्षांचा आहे. काही विशेष काळजी घ्यावी का?

जुन्या रंगाची काळजी घ्या, आणि ही सूचना कृपया हलक्यात घेऊ नका. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ठिकाणी लाकडाला व लोखंडाला दिलेल्या रंगांत शिसे असे. रंग शाबूत असेपर्यंत धोका कमी असतो, पण कोरड्या पॉलिशपेपरने घासला की त्याची बारीक धूळ जमिनीवर, खेळण्यांवर आणि तिथून मुलांच्या तोंडात जाते. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक असल्याचे माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. जुने दार-खिडक्या घासण्याआधी रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसे निघाले तर काम ओल्या पद्धतीने, खोली बंद करून आणि मुलाला त्या काळात दुसरीकडे ठेवून करा. गरम हवेच्या यंत्राने रंग जाळू नका आणि धूळ केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मागच्या बाजूला सिमेंटचे जुने नालीदार पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारा तंतुमय पदार्थ, असू शकतो. ते कापू, फोडू किंवा घासू नयेत, प्रशिक्षित माणसांकडून अखंड उतरवून घ्यावेत.

प्रश्न : एकदम सगळे करण्याइतके पैसे नाहीत. टप्प्याटप्प्याने करायचे तर सुरुवात कुठून करावी?

जुन्या छपरापासून करा. त्यानंतर पन्हळी, पाण्याचा निचरा आणि भिंतीलगतची माती. ही कामे दिसत नाहीत, पण नव्या खोलीसाठी जमवलेले पैसे पुढे दुरुस्तीत जाऊ नयेत यासाठी तीच आधी व्हावी लागतात. नव्या भागाचा पाया, सांगाडा आणि छप्पर दुसऱ्या टप्प्यात एकदमच पूर्ण करा, कारण अर्धवट उघडे राहिलेले बांधकाम ओल आत घेते आणि जुन्यालाही देते. आतल्या भिंती हलक्या, हलवता येण्याजोग्या ठेवा. आज मुलांची सामाईक खोली असलेली जागा काही वर्षांनी दोन खोल्यांची आणि आणखी काही वर्षांनी पुन्हा एकीची करावी लागेल. स्नानगृहाचे नळ आणि वाहिन्या मात्र याच दुसऱ्या टप्प्यात टाकून झाकून ठेवा, फरश्या आणि कपाटे पुढच्या वर्षी झाली तरी चालतील. आणि प्रत्येक टप्प्याआधी व नंतर घराची छायाचित्रे, मोजमापे आणि कोणत्या भिंतीत कोणता चुना वापरला याची नोंद एका वहीत ठेवा; पुढच्या वेळी येणारा गवंडी आधी तीच मागेल.